घरांतलें रिव्हॉल्व्हर : ठेवावें कीं विकावें?

मराठवाड्यांतील कित्येक जुन्या घरांतून खंडेनवमीच्या दिवशीं अजूनहि एक लहानसा समारंभ होत असतो. देव्हाऱ्यापुढें पाट मांडला जातो. पाटावर एखादी जुनी कट्यार, विळा, कोयता, अडकित्ता, शिवणाची कात्री अशीं घरांतलीं सारीं हत्यारें येऊन बसतात. आणि क्वचित् एखाद्या घरीं त्यांच्याच शेजारीं मऊ कापडांत गुंडाळलेलें एक रिव्हॉल्व्हरहि ठेवलें जातें. हळदकुंकू वाहिलें जातें, झेंडूचें फूल ठेवलें जातें, आणि दसरा आटोपला कीं तें रिव्हॉल्व्हर पुन्हा कपाटांत जातें तें पुढच्या आश्विनापर्यंत. (हळदीची पूड शस्त्राच्या बारीक सांध्यांत शिरणें त्याला मुळींच मानवत नाहीं, हें जातां जातां सांगून ठेवण्यासारखें आहे; पूजा पेटीची केली तरी देवाची कांहीं हरकत नसावी.) जी वस्तु वर्षांतून एकदांच बाहेर निघते, आणि एरव्हीं आठवली तरी घरांतील निम्म्या माणसांना अस्वस्थ करते, ती घरांत ठेवावी कीं विकून टाकावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रश्न वरकरणी फार थोड्या घरांचा दिसतो. डिसेंबर २०२४ मध्यें बीड जिल्ह्यांतील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि शस्त्रपरवान्यांची चर्चा महाराष्ट्रभर सुरू झाली. त्या वेळीं सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनीं जे आकडे लोकांपुढें मांडले, त्यांत बीड जिल्ह्यांतील परवाने १,२२२ होते आणि शेजारच्या परभणीचे अवघे ३२. दोन्ही जिल्हे गोदावरीच्या कांठचे, दोहोंचा पूर्वेतिहास निजामी राजवटीचा, दोहोंकडे कापूस आणि ज्वारी. तरी एकीकडे बाराशें आणि दुसरीकडे बत्तीस. पुढें बीडमधील शंभरांहून अधिक परवाने रद्द करण्यांत आले. २०११ च्या खानेसुमारींत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें १८ लाख भरली होती. तिच्यापुढें बत्तीस हा आंकडा म्हणजे समुद्रांतला थेंब. परंतु ह्या अल्प संख्येमुळेंच परभणीकडील प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. बीडमध्यें शस्त्र कमरेला लावून मिरविण्याची हौस किती वाढली होती, हें त्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. परभणीच्या जुन्या घरांतलें रिव्हॉल्व्हर मिरविलें जात नाहीं, वापरलें जात नाहीं, आणि सोडलेंहि जात नाहीं.

घरीं शस्त्र असावें ही इच्छा केवळ हौसेंतून आलेली नव्हे. १८७८ चा हत्यारांचा कायदा युरोपियनांना मोकळीक देई आणि हिंदी माणसाला मात्र परवान्यासाठीं साहेबाच्या दारीं उभें करी. त्या अपमानाचें शल्य राष्ट्रीय सभेच्या ठरावांतून वारंवार उमटलेलें आहे. १९३१ सालच्या कराची ठरावांतील मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कहि समाविष्ट केलेला होता. स्वातंत्र्य आल्यावर, १९४८ च्या डिसेंबरांत, घटना समितींत हरि विष्णु कामत यांनीं तो हक्क घटनेंत आणण्याची उपसूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. घटनेनें नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेनें आणि निःशस्त्रपणें जमण्याचा. शस्त्र ही हक्काची बाब न राहतां परवानगीची बाब झाली, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें तीच भूमिका कायम केली.

परभणीकडील जुन्या माणसांच्या मनांत मात्र घटना समितींतील वादापेक्षां १९४८ चें वर्षच अधिक खोल रुतलेलें होतें. रझाकारांच्या हातीं बंदुका आणि रयतेच्या हातीं काठ्या, अशा स्थितींत त्या वर्षीचा उन्हाळा आणि पावसाळा गेला. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला संस्थान शरण आलें. तोंवरच्या रात्री ज्यांनीं दाराला अडसर लावून जागत काढल्या, त्यांच्या मुलांना पुढें घरांत एखादें शस्त्र असावें असें वाटलें असेल, तर त्यांना हंसण्याचें कारण नाहीं.

नंतरच्या पिढीचें कारण निराळें होतें, आणि तें शब्दशः रोकडें होतें. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड हीं कापसाच्या आणि धान्याच्या बाजाराचीं गांवें. हंगामांत मोंढ्यावर गाड्यांच्या रांगा लागत, आडत्याच्या गादीवर दिवसभर नोटा मोजल्या जात, आणि दिवेलागणीनंतर उरलेली रोकड पिशवींत घालून घरीं न्यावी लागे. अंधाराचा रस्ता, हातांत पिशवी, आणि पिशवींत दुसऱ्याचे पैसे! पिशवीबरोबर कमरेला रिव्हॉल्व्हर असणें हा त्या काळचा एक प्रकारचा विमाच होता. परवान्याच्या अर्जांतहि कारण तेंच लिहिलें जाई. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसाला १९८० नंतरच्या दशकांत बंद झाली. पुढें कानपूरच्या सरकारी कारखान्यांत बत्तीस बोअरचें रिव्हॉल्व्हर तयार होऊं लागलें, आणि ज्यांना परवाना मिळाला त्यांनीं तें घेतलें.

असें एक घर श्रोत्यांनीं मनाशीं कल्पावें. घरधनी पंचाहत्तरीला टेकलेले. मुलगा पुण्यास नोकरींत रमला आणि आडत बंद झाली. शेतमालाचे पैसे आतां बहुतेक खात्यांतून खात्यांत परस्पर जातात. ज्या पिशवीसाठीं शस्त्र घेतलें होतें ती पिशवीच उरलेली नाहीं. शस्त्र मात्र उरलें आहे. गेल्या तीस वर्षांत त्यांतून एकहि गोळी सुटलेली नाहीं. दिवाळीला नातू येतो तेव्हां घरधनीण म्हणते, "अहो, त्या कपाटाची किल्ली तेवढी कडदोऱ्याला बांधा. तो पोर दिवसभर सगळीं कपाटें उघडीत असतो." मुलगा म्हणतो, "अण्णा, विकून टाका ना तें. काय करायचें आहे आतां त्याचें?" आणि अण्णा म्हणतात, "अरे, एकदां दिलें कीं पुन्हा मिळत नाहीं. असूं दे." इतकें बोलणें होतें आणि फराळाचीं ताटें येतात. पुढच्या दिवाळीस पुन्हा हींच तीन वाक्यें, त्याच क्रमानें.

अण्णांचें म्हणणें चुकीचें आहे असें नाहीं. एकदां परत केलेला परवाना पुन्हा मिळविणें ही सोपी गोष्ट नव्हे. नवा अर्ज, पोलिसांची चौकशी, शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याच्या शिक्षणाचें प्रमाणपत्र, आणि आपल्या जीवाला खरोखरच धोका आहे हें जिल्हाधिकाऱ्यांना पटविणें, इतकें सारें पंचाहत्तराव्या वर्षीं नव्यानें करावें लागेल. म्हणून ते परवाना धरून बसतात. पण येथें एक बारीकशी गफलत होते. ते जपत आहेत तो परवाना; आणि त्या परवान्याच्या पायीं घरांत राहतें आहे तें शस्त्र. कागद जपणें आणि हत्यार जपणें ह्या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत, व दुसरीचे कष्ट पहिलीच्या शतपट आहेत.

रक्षणाचा प्रश्न घ्यावा. मध्यरात्रीं मागच्या दारीं खुडबुड होते. रिव्हॉल्व्हर जर कायद्याच्या आणि शहाणपणाच्या रीतीनें ठेवलेलें असेल, म्हणजे शस्त्र एका कुलपांत आणि काडतुसें दुसऱ्या कुलपांत, तर चष्मा शोधणें, दिवा लावणें, दोन किल्ल्या चालविणें आणि कांपत्या हातांनीं सहा काडतुसें चक्रांत भरणें इतका विधि चोरानें थांबून पाहिला पाहिजे. आणि तें जर उशाशीं भरून ठेवलेलें असेल, तर चोर वर्षानुवर्षें न येण्याची आणि नातू दरवर्षीं येण्याची खात्री आहे. घरगुती पिस्तुलाचें हें कोडें जगांतल्या कोणत्याहि कारखान्याला अद्याप सुटलेलें नाहीं. जें चटकन् हातीं येतें तें सर्वांच्याच हातीं येतें.

कायद्यानें आत्मसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे, आणि तो दुबळा नाहीं. जुन्या दंडसंहितेच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३४ ते ४४ ह्या कलमांत हा हक्क सांगितलेला आहे. दरोडा, किंवा सूर्यास्तानंतरची घरफोडी, अशा प्रसंगीं तो हल्लेखोराच्या प्राणांपर्यंतहि जाऊं शकतो. परंतु रक्षणासाठीं जितकी इजा आवश्यक तितकीच करतां येते, आणि सरकारी मदत मागण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाहीं. पळणाऱ्या चोराच्या पाठींत मारलेली गोळी आणि अंगावर येणाऱ्या दरोडेखोराला मारलेली गोळी यांतला भेद पुढें न्यायालय सावकाश बसून ठरविणार. घरधन्याला तो अंधारांत, अर्धवट झोपेंत, एका क्षणांत ठरवावयाचा असतो. ज्यानें तीस वर्षांत चाप ओढलेला नाहीं त्याच्या नेमाविषयीं तर बोलणेंच नको. आंखूड नळीचें शस्त्र हें सर्व शस्त्रांत नेमाला अवघड. दहा पावलांवरचें लक्ष्यहि सरावावांचून चुकतें, आणि चुकलेली गोळी भिंतीपलीकडे कोण निजलें आहे याची विचारपूस करीत नाहीं.

शिवाय परवाना हा घराचा नसतो, एका माणसाचा असतो. अण्णा पंढरपूरला गेले असतां घरधनिणीनें तें शस्त्र हातीं घेणें कायद्याला मान्य नाहीं. मुलानें तें आपल्या गाडींत घालून पुण्यास नेणें तर सरळ गुन्हा आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारानें, दुरुस्तीसाठीं, परवान्याच्या नूतनीकरणासाठीं किंवा त्याच्या स्वतःच्या उपयोगासाठीं तें दुसऱ्यानें नेतां येतें, त्यापलीकडे नाहीं. तेव्हां घराच्या रक्षणासाठीं म्हणून ठेवलेलें शस्त्र घरांत एकट्या राहिलेल्या स्त्रीच्या कामाचें नसतें. तिला ११२ हा क्रमांक आणि शेजाऱ्यांची हांक हींच शस्त्रें.

शेतकऱ्यांकडून एक कारण नेहमीं पुढें येतें तें रानडुकरांचें. हरभरा किंवा भुईमूग उभा असतां डुकरांचा कळप एका रात्रींत काय करतो हें जिंतूर-गंगाखेडच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु ह्या कामीं रिव्हॉल्व्हर अगदीं निरुपयोगी आहे. कायद्यानेंहि पीकसंरक्षणासाठीं वेगळी वाट ठेवलेली आहे. ती तोंडानें दारू ठांसून भरावयाच्या बंदुकीची. आणि वन्य प्राण्याला मारण्याची परवानगी वनखात्याकडून मिळवावी लागते, ती पुन्हा निराळी. पिकासाठीं म्हणून रिव्हॉल्व्हर ठेवणें म्हणजे विहीर खणण्यासाठीं सुई जपून ठेवणें होय.

आतां त्या शस्त्राची स्थिति पाहावी. बहुतेक घरांत तें चामड्याच्या म्यानांत ठेवलेलें सांपडतें, आणि नेमकें तेंच चुकीचें आहे. चामडें पावसाळ्यांतील दमट हवा शोषून घेतें आणि तो ओलावा पोलादाला चिकटून राहतो. चार पावसाळ्यांत नळीवर तांबूस ठिपके दिसूं लागतात. तेलाचा पातळ हात द्यावा, कोरड्या कापडांत गुंडाळावें, म्यान बाजूला ठेवावें, हा साधा नियम कित्येकांना ठाऊक नसतो. तेल फार झालें तरी तें धुळीशीं मिळून चिकट होतें आणि चक्र जड फिरूं लागतें. काडतुसांची गोष्ट याहून नाजूक आहे. बत्तीस बोअरचीं हीं काडतुसें आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यांतून येत आलीं आहेत. हा कारखाना १८६९ सालचा. काडतूस कोरड्या जागीं पुष्कळ वर्षें टिकतें हें खरें, परंतु तेलकट हातांनीं हाताळलेलें, ओल लागलेलें काडतूस ऐन वेळीं उडत नाहीं, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट उडतें. न उडालेल्या काडतुसाची रिव्हॉल्व्हरला फारशी फिकीर नसते. पुन्हा चाप ओढला कीं चक्रांतील पुढचें काडतूस समोर येतें. पण अर्धवट उडालेली गोळी जर नळींतच अडकून राहिली, तर पुढचीच गोळी नळी फोडते, आणि नळीच्या मागें स्वतःचाच हात असतो. जो मनुष्य शस्त्र वापरीत नाहीं तो तें तपासीतहि नाहीं, म्हणून न वापरलेलें शस्त्र जितकें निरुपद्रवी वाटतें तितकें तें नसतें.

याहूनहि गंभीर एक बाजू आहे. तिच्याविषयीं घरांत सहसा कोणी बोलत नाहीं. कॅलिफोर्नियांतील सुमारें २ कोटी ६३ लाख प्रौढ माणसांची बारा वर्षांची माहिती तपासून कांहीं संशोधकांनीं २०२० सालीं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या वैद्यकीय नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीनें आत्मघात होण्याचें प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारें आठपट, आणि स्त्रियांत पस्तीसपट आढळलें. त्यांतील निम्म्याहून अधिक घटना शस्त्र घेऊन वर्ष उलटून गेल्यानंतरच्या होत्या. अमेरिका आणि परभणी एक नव्हेत, हें कोणीहि म्हणेल; तेथें कित्येक घरांत शस्त्र आहे आणि येथें साऱ्या जिल्ह्यांत बोटांवर मोजण्याइतकीं. तथापि मनुष्याचें मन दोन्हीकडे एकच. अवर्षण, कर्ज, आजार, परीक्षेंतील अपयश, वार्धक्यांतील एकटेपणा यांतली एखादी छाया घरावर पडते तेव्हां खचलेल्या मनाचा तो घातक क्षण बहुधा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढा वेळ निभावला तर मनुष्य वांचतो. त्या वेळांत घरांत काय हाताशीं आहे यावर एखाद्याचें जगणें अवलंबून असतें. म्हणून घरांतील कोणी उदास असेल, झोंप उडालेली असेल, दारूच्या आहारीं गेलेला असेल, तर शस्त्राविषयींचा इतर सारा वाद बाजूला ठेवून तें त्याच दिवशीं घराबाहेर, पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावें, आणि उदास माणसाला डॉक्टरांकडे न्यावें. येथें 'ठेवावें कीं विकावें' हा प्रश्नच उरत नाहीं.

मग ठेवणें योग्य असें घर कोणतें? तेंहि आहे. गांवापासून दूर आखाड्यावर वस्ती करून राहणारा, ज्याला खरोखरच धमक्या आल्या आहेत व ज्याची नोंद पोलिसांकडे आहे, जो वर्षांतून कांहीं वेळां तरी अधिकृत मैदानावर जाऊन नेमाचा सराव करतो, ज्याच्या घरीं भिंतींत बसविलेली पक्की तिजोरी आहे, आणि ज्याचा हात व डोळा दोन्ही शाबूत आहेत, त्यानें शस्त्र ठेवावें. त्याला कोणी भित्रा किंवा मिजासखोर म्हणूं नये. परंतु अशा माणसाचें शस्त्र फार दिवस न वापरलेलें राहतच नाहीं. ज्याला प्रश्न पडतो तो बहुधा ह्या वर्गांतला नसतो.

वडिलांची आठवण म्हणून ठेवणारेहि आहेत. त्यांच्याशीं वाद घालणें कठीण, कारण आठवणीला युक्तिवाद लागत नाहीं. त्यांच्यासाठीं २०१६ च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षें राहिलें, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हांपासून तो आपल्या हयातींतच एखाद्या वारसाचें नांव सुचवूं शकतो. वारसाला मात्र स्वतःचा अर्ज करावा लागतो, त्याचें वय निदान एकवीस असावें लागतें, शिक्षण घ्यावें लागतें आणि चौकशीला तोंड द्यावें लागतें. शस्त्र वारशानें येतें, परवाना येत नाहीं. कल्पिलेल्या घरांतील अण्णा दोन्ही अटींत बसतात. पण मुलाला तें नको आहे, हें त्यानें दर दिवाळींत सांगितलेलें आहे. त्याच्या गळ्यांत तें बळेंच बांधण्यांत कोणतें पितृप्रेम?

आणि कांहींच ठरविलें नाहीं तर? हाच मार्ग बहुतेक घरें पत्करतात, आणि तो सर्वांत वाईट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पांच वर्षांची झाली. मुदत संपून नूतनीकरण झालें नाहीं, किंवा परवानाधारक वारला, कीं त्या क्षणापासून घरांतील शस्त्र बेकायदेशीर होतें. अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें तें अनावश्यक विलंब न लावतां नजीकच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. आतां जें घर तेरावा-चौदावा, वारसदाखला, बँकेचीं खातीं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचें सांत्वन यांत बुडालेलें आहे, त्याला कपाटाच्या तळच्या खणाची आठवण कोण देणार? सहा महिन्यांनीं कपडे आवरतांना तें सांपडतें, आणि मग सांगावयाचीहि भीति वाटते. परवान्यावांचून असें शस्त्र बाळगल्याबद्दल निदान दोन वर्षें आणि अधिकांत अधिक पांच वर्षें कैदेची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें केलेली आहे. नवऱ्यामागें राहिलेल्या बाईवर ही वेळ आणणें यासारखा अन्याय नाहीं. आणि तो अन्याय करणारा मनुष्य "असूं दे" एवढेंच म्हणालेला असतो.

निवडणुकीच्या काळांतील यातायात ही त्यामानानें लहान, पण वृद्धांना ती जाणवते. महाराष्ट्रांत २०२४ सालीं १६ मार्चला लोकसभेची आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. ज्यांना ज्यांना शस्त्र जमा करण्याचा आदेश झाला त्यांना एका वर्षांत दोनदां ठाण्याची पायरी चढावी लागली, आणि दोनदां परत आणण्यासाठीं उतरावी लागली.

तेव्हां अशा घरानें विकावें, हेंच बरें. आणि तें परवानाधारकाची सही अजून ठाम आहे तोंवर विकावें. विक्री सोन्याच्या दागिन्यासारखी होत नाहीं. विकत घेणारा स्वतः परवानाधारक असला पाहिजे, आणि त्याच्या परवान्यांत अशा प्रकारचें शस्त्र घेण्याची मुभा पाहिजे. पूर्वीं एका माणसाला तीन शस्त्रें ठेवतां येत. २०१९ पासून दोनच. गिऱ्हाईकें त्यामुळें आणखी घटलीं. परभणीसारख्या जिल्ह्यांत तीं शोधून मिळणें कठीण. बहुधा बाहेरच्या जिल्ह्यांतील शस्त्रविक्रेत्याकडेच जावें लागतें. किंमतीविषयीं पुष्कळ दंतकथा चालतात. २०१४ सालीं कानपूरच्या कारखान्यानें स्त्रियांसाठीं म्हणून 'निर्भीक' नांवाचें अर्धा किलो वजनाचें रिव्हॉल्व्हर काढलें, त्याची त्या वेळची किंमत सुमारें सव्वा लाख रुपये होती. नव्याची किंमत ऐकून जुन्याचा भाव मनाशीं बांधणारे निराश होतात. बर्मिंगहॅमची जुनी वेब्ली असेल तर आयात बंद असल्यामुळें तिला अधिक मोल येतें. परंतु गंजलेल्या नळीला कोणत्याहि कुळाचा उपयोग नाहीं. विक्रेत्यानें सांगितलेला पहिलाच भाव घेऊं नये, दोघांतिघांना दाखवावें, एवढें पुरे. पैसा हें ह्या व्यवहाराचें मुख्य कारण नव्हे.

विक्रेत्यामार्फत न जातां दुसऱ्या परवानाधारकास परस्पर विकावयाचें असल्यास, घेणाऱ्याचें नांव व पत्ता देऊन जिल्हादंडाधिकारी किंवा नजीकच्या ठाण्याचे अधिकारी यांना आधीं लेखी कळवावें लागतें, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबावें लागतें. ह्या दिवसांत शस्त्र घरांतच असतें. घेणाऱ्यानें "पाहूं द्या, दोन दिवस ठेवतों" म्हटलें तरी देऊं नये. कळविल्याच्या अर्जाच्या प्रतीवर कचेरीची पोंच घ्यावी. ठरल्या दिवशीं शस्त्राचा क्रमांक दोन्ही परवान्यांशीं ताडून पाहावा, दोहोंवर नोंद झाली कीं नाहीं हें स्वतः वाचावें, आणि परवानाधारकाचा जो राष्ट्रीय नोंदवहींतील क्रमांक असतो त्यापुढेंहि बदल झाला आहे अशी खात्री करून घ्यावी. उरलेलीं काडतुसें विसरूं नयेत. पुष्कळ घरांत शस्त्र जातें आणि अर्धी भरलेली काडतुसांची डबी औषधांच्या कपाटांत तशीच राहते. तीहि त्याच नोंदींत गेली पाहिजे. परवाना परत केल्याची पावती घराच्या उताऱ्यांच्या फाइलींत, मुलाला दाखवून, ठेवावी. चामडी म्यान जवळ ठेवण्यास मात्र कोणत्याहि परवान्याची गरज नाहीं.